दिवाणखान्यातला क्लच

काटेसाहेबांना जन्मात कोणी ‘तुम्हाला येत नाही’ असं तोंडावर म्हटलं नव्हतं. बायको म्हणायची, पण बायकोचं म्हणणं घरातल्या पंख्याच्या आवाजासारखं असतं. बंद पडलं तरच लक्ष जातं. बाहेरच्या माणसाने म्हणावं, तोही व्याही असावा, आणि त्याने ते हसत हसत म्हणावं, हा योग त्यांच्या आयुष्यात फार उशिरा आला. या वयात माणूस नवीन काही शिकत नाही. शिकलेलं इतरांना ऐकवतो.

‘काटेसाहेब’ हे काही त्यांचं आडनाव नव्हे. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानोदुकानी जाऊन तराजूचे काटे तपासायचे, खऱ्यावर शिक्का मारायचा आणि खोटा जप्त करायचा, हे त्यांचं काम. बाजारात त्यांना हे नाव पडलं आणि त्यांनाही ते मनातून आवडलं. घरात गाडी नव्हती. ऑफिसला ते बसने जात आणि गाडी चालवणाऱ्या लोकांकडे, जिना असताना शिडीने चढणाऱ्यांकडे बघावं तसे बघत.

अशा माणसाच्या हातात रेसची गाडी आली ती जावयामुळे. मुलगी आणि जावई एका शहरात, व्याही-विहीणबाई दुसऱ्या आणि हे दोघं तिसऱ्या. दर रविवारी संध्याकाळी तिन्ही घरं फोनवर एकत्र यायची, पण तब्येत आणि हवा हे दोन विषय संपले की पुढे काय बोलायचं हा प्रश्न पडायचा. दोन्ही व्याही एकमेकांच्या मागच्या भिंतीवरचं घड्याळ बघत बसायचे. जावई हुशार. त्याने दोन्ही घरी टीव्हीला जोडायचा गेमचा डबा पाठवला आणि सगळ्यांना एकाच रेसमध्ये उतरवलं. मुलगी-जावयाची आळीपाळीने पिवळी गाडी, काटेसाहेबांची लाल, व्याह्यांची निळी. कानाला हेडफोन लावून आपापल्या घरून गाड्या पळवायच्या आणि पळवता पळवता गप्पा मारायच्या. उपाय लागू पडला. एकमेकांना धडक मारल्यावर माणसं किती मोकळेपणाने बोलतात, हे दोन्ही घरांना प्रथमच कळलं.

काटेसाहेब बऱ्यापैकी चालवायचे. पिवळ्या गाडीला मागे टाकायचे. निळीला मात्र त्यांना कधी गाठता आलं नाही. एका रविवारी ते अगदी थोडक्यात मागे राहिले आणि तसं त्यांनी बोलूनही दाखवलं. त्यावर व्याही म्हणाले, “तुमचं बरं आहे हो. नुसतं वळायचं, गिअरचं गाडीच बघते. आमच्याकडे सगळं हाताने.”

व्याही वकील. त्यांचा आवाज मुळातच असा, की साधं ‘नमस्कार’ म्हणाले तरी समोरच्याला आपल्यावर काही आरोप आहे की काय असं वाटावं. काटेसाहेबांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. बायको गणिताची शिक्षिका. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पेपर तपासत बसली होती. ते सहज बोलले असतील, असं तिचं मत पडलं. काटेसाहेबांचं म्हणणं, सहज बोललेलंच खरं असतं, ठरवून बोललेल्यात मिसळ असते. आणि त्यांनी त्याच बैठकीत गेममधला ‘ऑटोमॅटिक’ हा शब्द कायमचा पुसून ‘मॅन्युअल’ केला.

आता गिअर म्हणजे काय, हे इथे सांगायला हवं, कारण काटेसाहेबांनाही ते कोणी सांगितलं नव्हतं. पहिला गिअर म्हणजे हमाल. ओझं उचलेल, पण पळणार नाही. पाचवा म्हणजे तालेवार घरचा मुलगा. एकदा पळायला लागला की थांबणार नाही, पण जागचा हलवायचा तर चार जणांनी ढकलायला हवं. मधले तिघं या दोघांच्या मधे. गाडीने वेग घेतला की एकेक वर चढायचं, वळण आलं की एकेक खाली उतरायचं. एवढंच. पोहणंही एवढंच असतं. हात मारायचे आणि बुडायचं नाही.

पहिल्या दिवशी काटेसाहेबांनी अख्खी फेरी हमालावर काढली. गाडी अशी किंचाळत राहिली की बायकोने लाल पेन खाली ठेवून, तिला काही होतंय का, अशी चौकशी केली. पुढच्या रविवारी धडा शिकून ते सुरुवातीलाच थेट पाचव्यात गेले. सगळ्या गाड्या सुटल्या. लाल गाडी रेषेवरच दम्याच्या रोग्यासारखी खोकत उभी राहिली, ती इतका वेळ, की एक फेरी पूर्ण करून मुलगी मागून आली आणि तिने जाता जाता विचारलं, “बाबा, तुम्ही अजून इथंच?”

जावयाचं मत पडलं की बटणांवर गिअर शिकणं म्हणजे पुस्तक वाचून पोहणं. व्याह्यांकडे खरं स्टिअरिंग, पायाखाली तीन पेडल आणि हाताशी गिअरचा दांडा होता. मग तसाच सरंजाम इथेही आला. स्टिअरिंग जेवणाच्या टेबलाच्या कडेला पकडीने आवळलं. टेबल एकच, त्यामुळे इकडे गाडी वळली की तिकडे पेपर हलायचे. एका मुलीच्या बिनचूक सोडवलेल्या गणितावर, काटेसाहेब डावीकडचं वळण घेत असताना, आडवी फुली पडली. पुढे त्या मुलीला बोलावून बाईंना खुलासा करावा लागला. खुलाशात नवऱ्याचा उल्लेख त्यांनी टाळला, हा त्यांचा मोठेपणा.

पेडलांची तऱ्हा वेगळी. क्लच दाबला की पेडलांची पाटी गुळगुळीत फरशीवरून घसरत टेबलाखाली जायची आणि काटेसाहेबांचा पाय तिच्या मागोमाग. पाटी भिंतीला टेकवली, तेव्हा नवीनच संकट उभं राहिलं. खुर्ची चाकांची होती. आता पाटी हलायची नाही, पण जोरात ब्रेक मारला की पडद्यावरची गाडी थांबायची आणि काटेसाहेब स्वतः खुर्चीसकट मागे जायचे, ते थेट पुस्तकांच्या कपाटापर्यंत. वेगात असताना ब्रेक मारून उलट दिशेला गेलेला इतिहासातला हा पहिलाच चालक असावा. शेवटी खुर्चीच्या पाचही चाकांना पायातले बूट घालायचे ठरले. घरात जुने बूट तेवढे नव्हते. पाचव्या चाकाला बायकोची चप्पल लागली. बघायला आलेल्या समोरच्या बिऱ्हाडातल्या, सोसायटीच्या सेक्रेटरींनी ती बूट घातलेली खुर्ची बराच वेळ न्याहाळली आणि मॅन्युअल ही गाडीची नव्हे तर मनाची अवस्था आहे, असं सांगून ते चहा पिऊन गेले.

खालच्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. एका संध्याकाळी ते पांढऱ्या कोटातच वर आले. तक्रार अशी की खुर्चीत पेशंट आ करून बसलेला असतो, अजून यांनी ड्रिल हातातही घेतलेलं नसतं, तोच वरून ड्रिलपेक्षा भयंकर आवाज सुरू होतो. त्या दिवशी एक धडधाकट गृहस्थ तोंडातल्या कापसासकट उठून निघून गेले होते. काटेसाहेब मनापासून ओशाळले. त्यांनी डॉक्टरांना आतलं सगळं दाखवलं, आवाजाचं कारण समजावून सांगितलं, आणि डॉक्टरांना ते नको तितकं समजलं. डोळे पडद्यावरच्या वेगाच्या काट्यावर ठेवू नका, असा सल्ला त्यांनी दिला. ड्रिल दाताच्या आत कुठवर गेलंय हे दिसत नसतं. आवाज बदलला की हात मागे घ्यायचा. इंजिनचंही तेच असणार. एवढं सांगून ते स्वतः खुर्चीत बसले आणि खाली दोन पेशंट ताटकळत असताना त्यांनी लाल गाडी तीनदा बंद पाडली. त्यानंतर खाली पेशंट नसला की डॉक्टर छताला काठीने ठोकायचे. पहिल्यांदा ती तक्रार वाटायची, नंतर निमंत्रण.

या सरावात काटेसाहेबांचा डावा पाय गेला. क्लच दाबून दाबून पोटरीत अशी लचक भरली की जिना उतरता येईना. डॉक्टरांनी, म्हणजे पायाच्या, विश्रांती सांगितली आणि दाखल्यावर कारण लिहिलं: ‘गाडी चालवताना झालेली दुखापत’. काटेसाहेबांनी तो दाखला रजेच्या अर्जाला जोडला. त्यांच्या प्रामाणिकपणात सहसा खोट निघत नसे. त्या दिवशी त्यांनी अक्कल बाजूला ठेवली होती.

ऑफिसातले आस्थापनेचे हेडक्लार्क सज्जन, पण नियमांचे भुकेले. गाडी म्हटल्यावर त्यांनी लायसन्सची प्रत मागितली. लायसन्स नव्हतं. मग हेडक्लार्कांनी फोनवर आवाज खाली आणून विचारलं, विनापरवाना चालवत होता का. काटेसाहेब म्हणाले, या गाडीला परवाना लागत नाही. अपघात कुठे झाला? घरी, दिवाणखान्यात. गाडी दिवाणखान्यात कशी आली? ती टीव्हीत आहे. यावर हेडक्लार्कांनी, पोलीस पंचनामा असल्यास सोबत जोडावा, असं सुचवून फोन ठेवला.

कागद वर वर चढत गेला. शासकीय निरीक्षकाने विनापरवाना वाहन चालवून स्वतःस इजा करून घेतली, असं त्याचं स्वरूप होत होत तो उपनियंत्रक बाईंच्या टेबलावर पोचला. बाई कडक म्हणून प्रसिद्ध. त्यांनी सगळं वाचून समासात शेरा मारला: ‘वाहन अस्तित्वात नाही. सबब अपघात अस्तित्वात नाही. सबब दुखापत अस्तित्वात नाही. रजा अर्जित रजेतून वळती करावी.’ काटेसाहेबांनी तो शेरा वाचला तेव्हा त्यांची अस्तित्वात नसलेली पोटरी चांगलीच ठणकत होती. तरी त्यांना त्या शेऱ्याचं कौतुक वाटल्यावाचून राहिलं नाही. इतकं नेमकं त्यांनाही लिहिता आलं नसतं.

कौतुकाची ही सवय त्यांना त्याच सुमारास लागली होती आणि तिचं कारण निळी गाडी. पाय वर करून पडल्या पडल्या ते जुन्या रेस पुन्हा बघायचे. गेममध्ये दुसऱ्याच्या गाडीत बसून सगळी फेरी बघता येते. ते निळ्या गाडीत बसले आणि थक्क झाले. आपण गिअर टाकतो तेव्हा गाडी ठेच लागल्यासारखी पुढे झुकते. इथे गिअर कधी पडला हे सांगता येत नव्हतं. वळण यायच्या आधीच इंजिनचा आवाज समजूतदार माणसासारखा जरा खाली यायचा, गाडी वळणात शिरायची, आणि बाहेर पडताना पुन्हा चढा सूर. घाई नाही, आरडाओरडा नाही. शेजारून कोणी घुसला तर त्याला जागा दिलेली. पोटातलं पाणी हलायचं नाही.

लग्नात खुर्च्या कमी पडल्या म्हणून हॉलच्या मॅनेजरला घाम फोडणारा हाच का तो माणूस, असं काटेसाहेबांच्या मनात आलं. आपण माणसांचं वजन वरूनच करतो. इतका हळुवार गिअर टाकणारा माणूस आतून केवढा हळुवार असेल. ते रविवारी व्याह्यांशी अदबीने बोलू लागले. वकिलांना या अदबीचं काय करावं कळेना. चौथ्यातून तिसऱ्यात कधी उतरता, असं विचारलं की ते म्हणायचे, अंदाजाने. क्लच किती सोडता? बेताने. थोर कलावंत आपल्या कलेविषयी कमी बोलतात, हे काटेसाहेबांनी कुठेसं वाचलेलं होतं. त्यांचा आदर आणखी वाढला. एकदा तर रेसच्या ऐन मध्यावर व्याह्यांकडची बेल वाजली, व्याह्यांचा आवाज हेडफोनमधून दूर गेला, दारात कोणाशी तरी कुरिअरवरून त्यांचा वाद झाला, आणि निळी गाडी मात्र तेवढ्याच नेटकेपणाने वळणं घेत राहिली. काटेसाहेब बायकोला म्हणाले, बघ, याला म्हणतात एकाग्रता. बायकोने पेपरातून वर बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि पुन्हा पेपरात घातलं.

पोटरी बरी झाली आणि तिकडे व्याह्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. बघायला जाणं भाग होतं. दोघं गेली. वकील एका डोळ्यावर पांढरी पट्टी लावून कोचावर बसले होते आणि एकाच डोळ्याने दोघांइतकं बोलत होते. विहीणबाई मोठ्या रुग्णालयात भूलतज्ज्ञ. ठेंगण्या, शांत, कमी बोलणाऱ्या. लग्नापासून आजवर त्यांची सगळी वाक्यं एका पानावर मावली असती.

काटेसाहेबांची नजर मात्र खिडकीजवळच्या स्टिअरिंगवर गेली. त्यांनी खुर्ची बघितली, पेडल बघितले, मधलं अंतर बघितलं. माप घेणं हा त्यांच्या डोळ्यांचा धंदा होता. व्याही ताडमाड. त्या खुर्चीत ते बसले असते तर त्यांचे गुडघे स्टिअरिंगच्या वर आले असते. खुर्चीवर पाठीशी एक जाड उशी होती, पाय पोचावेत म्हणून माणूस ठेवतो तशी. पाहुण्याने यजमानाच्या घरी काटा तपासू नये, एवढा पोच त्यांना होता.

रविवार होता. संध्याकाळी पलीकडून मुलगी-जावई तयार झाले. वकिलांनी घसा साफ केला, डोळ्याच्या पट्टीकडे बोट दाखवलं आणि आजची रेस आपल्याला सोडून करावी लागेल, असं खेदाने जाहीर केलं.

“मग विहीणबाईंना बसू द्या,” काटेसाहेब म्हणाले.

वकिलांचा उघडा डोळा बायकोकडे गेला, तिथून छताकडे, तिथून स्वतःच्या हातांकडे. बचावाचं भाषण आता सुरू होणार असं वाटलं. पण ते म्हणाले, “मला एकदाही रेषेवरून हलवता आली नाही हो. दर वेळी बंदच पडते. मी बढाई मारली खरी, पण बायकोची मारली.”

विहीणबाईंना यात लपवण्यासारखं काही होतं असंच वाटत नव्हतं. हेडफोन एकच होता आणि तो पहिल्या दिवसापासून यांच्या डोक्यावर होता, म्हणून बोलायचं काम यांचं. त्यांना स्वतःला बोलावं लागलं तर वळण चुकतं. एवढं सांगून त्यांनी ओढणी पाठीमागे बांधली, उशीला टेकून बसल्या आणि दांड्यावर हात ठेवला. मुठीत धरला नाही. नाडी बघताना ठेवतात तसा बोटांनी ठेवला.

काटेसाहेब शेजारी स्टूल घेऊन बसले आणि इतके दिवस पडद्यावर पाहिलेलं त्यांनी आता हातापायांत पाहिलं. बाई रस्ता बघत होत्या, काट्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. कान किंचित एका बाजूला. वळणाआधी डावा पाय खाली गेला आणि वर आला, बोटं पुढून मागे सरकली, आणि गाडी जणू स्वतःच्याच विचाराने हळू झाली. काटेसाहेबांना अपमान वगैरे काही आठवला नाही. चांगलं गाणं ऐकताना माणूस हात मांडीवर ठेवतो आणि विसरतो, तसे त्यांचे हात मांडीवर पडले होते. रेस संपली तेव्हा निळी पहिली आली होती, हे त्यांना वकिलांनी सांगितल्यावर कळलं.

हे कसं करता, असं त्यांनी विचारलं. आवाज नकळत दवाखान्यात काढतात तसा निघाला.

विहीणबाईंनी थोडा विचार केला. “आमच्या कामात पेशंटला कळता कामा नये. झोप लागली कधी, जाग आली कधी, काही कळता कामा नये. गाडीलाही गिअर बदलल्याचं कळता कामा नये. ती झोपलीय असं समजायचं.” मग त्या उठल्या, उशी काढली आणि खुर्ची मागे सरकवून म्हणाल्या, “बसा.”

काटेसाहेब बसले. वय, हुद्दा आणि व्याहीपण सगळं घेऊन बसले. आपल्या घरी ज्याला ते प्रगती समजत होते ती इथे पहिल्याच वळणात उघडी पडली. गाडीने ठेच खाल्ली, किंचाळली, पुढे झुकली. विहीणबाई स्टुलावर डोळे मिटून बसल्या होत्या, नुसत्या ऐकत. “पेशंट उठला,” त्या म्हणाल्या. दुसऱ्या वळणात, “हाही उठला.” तिसऱ्यात, “हा उठून घरी गेला.” हसल्या नाहीत, रागावल्या नाहीत. सांगितल्या त्या फक्त बारीकसारीक गोष्टी: पाय असा झटकन सोडू नका, चादर ओढून घेतल्यासारखं वाटतं. हात आधी, घाई नंतर. आवाज वर चढतोय ना, त्याला चढू द्या, तो स्वतःच सांगेल. फेरी संपली की नुसतं म्हणायच्या, पुन्हा.

वकील आणि काटेसाहेबांची बायको थोडा वेळ बघत उभी राहिली. मग दोघांच्या लक्षात आलं की इथे आपलं काही काम नाही. बायकोने वकिलांना हात धरून खाली बागेत फिरायला नेलं. पट्टीमुळे त्यांना एका बाजूच्या पायऱ्या दिसत नव्हत्या आणि बोलायला मात्र कोणीतरी हवंच होतं. पलीकडून मुलीने विचारलं की घरात एवढं शांत का आहे. हेडफोन कोचावर पडला होता, त्यामुळे तिला उत्तर मिळालं नाही.

मधल्या एका फेरीत तर सगळेच पेशंट उठले. काटेसाहेबांनी रुमालाने तळहात पुसले. ते थांबले असते तर कोणी काही म्हटलं नसतं; विहीणबाईंनी चहाचंही विचारलं. ते नको म्हणाले आणि पुन्हा रेषेवर जाऊन उभे राहिले. सरळ रस्त्यावर एकेक गिअर वर चढले. लांबचं ते मोठं वळण आलं. डोळे रस्त्यावर, कान आवाजावर. सूर थोडा खाली येऊ दिला, पाय गेला, बोटं सरकली, पाय हळूच वर आला.

विहीणबाईंचे डोळे मिटलेलेच होते. वळण संपलं, पुढचा सरळ रस्ता लागला, तरी त्या काही बोलल्या नाहीत. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, “हा झोपलाय.”

काटेसाहेबांचं तोंड काहीतरी बोलण्यासाठी उघडलं होतं. ते त्यांनी तसंच मिटलं आणि नुसती मान हलवली. न जाणो, उठायचा.